शिडाची होडी विकणे आहे (उतार ज्याचा त्याने शोधावा)

गेल्या दिवाळीनंतर मी आयुष्यात पहिल्यांदा होडी विकायला बसलो. माझी नव्हे. माझ्या नावावर साधी सायकलसुद्धा नाही. होडी एका स्नेह्यांची. त्यांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. निवृत्तीचे पैसे हातात आले की लोक फ्लॅट घेतात, मुलाच्या नावाने ठेव ठेवतात. या गृहस्थांनी मुंबईहून एक जुनी, एकवीस फुटी शिडाची होडी आणली आणि बार्देशातल्या आपल्या घराच्या अंगणात माटव घालून त्याखाली ट्रेलरवर उभी केली. नाव ठेवले ‘मतलई’. दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. मुलगा कॅनडात. वहिनींनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहिता-वाचता, जाहिरात तुम्हीच करा. मला ती रोज दारात बघवत नाही."

मी जाहिरात केली. शिडाची होडी, २१ फूट, फायबरची, ट्रेलरसह, सुसज्ज. दोन शिडे वापरातली, एक राखीव. पाच अश्वशक्तीचे इंजिन. चार लाइफ जॅकेट. नांगर, तीस फूट साखळी. जीपीएस, सौर पट्टी, लहानशी शेगडी, चौघांना झोपायला जागा. लिहून झाल्यावर ‘सुसज्ज’ या शब्दावर मी थोडा खूशही झालो. त्या शब्दानेच पुढे माझी फजिती केली, ते सांगतो.

सहा आठवड्यांत तेवीस फोन आले. त्यातल्या निम्म्यांचा पहिला प्रश्न एकच, "पॅसेंजर कितले बसतात?" एकाने विचारले, म्युझिक सिस्टिम आहे का? एकाला डोलकाठी काढून टाकायची होती आणि मागे चाळीसचे इंजिन लावायचे होते. होडीचा सांगाडा ते सोसणार नाही, असे मी त्याला (नुकत्याच मिळवलेल्या ज्ञानाच्या जोरावर) सांगितले, तर तो म्हणाला, "पात्रांव, सीझनभर चल्ली म्हळ्यार पुरो." आणि एक सभ्य, गोडबोले गृहस्थ प्रत्यक्ष येऊन गेले. किनाऱ्यावर त्यांचे उपाहारगृह आहे. होडीभोवती दोन फेऱ्या मारून, मान तिरकी करून ते म्हणाले, "काठी तशीच दवरया. पोटांत काउंटर करया." शीड लावूनच ठेवायचे, त्यावर रात्री दिवे सोडायचे, आणि होडीच्या पोटात बाटल्या. वहिनींनी सांगितलेल्या किमतीपेक्षा चाळीस हजार जास्त द्यायला ते तयार होते. ट्रेलर मात्र त्यांना नको होता.

ट्रेलर नको! मंडळी, या दोन शब्दांवर मी गेले दोन महिने चिडून आहे, आणि आजचा हा लेख त्या चिडीतूनच लिहिला आहे.

कारण ट्रेलर हाच या जातीच्या होडीचा सगळा मुद्दा आहे. शिडाची मोठी होडी कायम पाण्यात राहते. तिच्या बुडाला जड कणा असतो, तो पाच-सहा फूट खाली गेलेला असतो, म्हणून ती किनाऱ्याला लावता येत नाही. तिला खोल पाण्यातली जागा लागते, त्या जागेचे भाडे लागते, राखण लागते. हा श्रीमंतांचा खेळ, कबूल. यावर तोड म्हणून ही होडी जन्माला आली. तिचा कणा दोरीने वर ओढून पोटात घेता येतो. खाली सोडला की पाच फूट पाणी लागते, वर ओढला की दोन फुटांवर तरंगते. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर आडवी होते. वजन टनाच्या आसपास. जीपच्या मागे लावायची, नदीवर न्यायची, उतारावरून ट्रेलरसकट पाण्यात सोडायची, तासाभरात दोन माणसे काठी उभी करून शीड चढवतात. संध्याकाळी पुन्हा अंगणात. अमेरिकेत १९७० च्या सुमारास फ्रँक बटलर या माणसाने ‘कॅटलिना २२’ नावाची अशी होडी बाजारात आणली, तिच्या पंधरा हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्या काही लक्षाधीशांनी घेतल्या नाहीत. शाळामास्तरांनी, गॅरेजवाल्यांनी घेतल्या. आमचे स्नेही हेच म्हणायचे, ही बँकेच्या कारकुनाची होडी आहे.

पण तिथे ती विकली गेली याचे एक कारण होडीच्या बाहेर आहे. अमेरिकेत १९५० च्या एका कायद्याने मासे पकडायच्या गळ-काठ्यांवरचा कर बाजूला काढून माशांच्या संवर्धनाला लावला. १९८४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन मोटारबोटींच्या इंधनावरचा करही त्यात आला, आणि त्यातला ठरावीक हिस्सा लोकांना पाण्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून खर्च करणे राज्यांवर बंधनकारक झाले. म्हणजे काय? म्हणजे तळ्याकाठी, नदीकाठी, खाडीकाठी सिमेंटचा सार्वजनिक उतार, बाजूला गाडी लावायला जागा. पाण्यावरून मिळालेला पैसा पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर खर्च. आमच्याकडे मांडवीच्या छातीवर कॅसिनोंची बोटी-बोटींची रांग उभी आहे, १९७६ च्या जुगारबंदीच्या कायद्यालाच भोक पाडून ती आत आली, सरकार तिच्याकडून शुल्क घेते, आणि त्याच नदीत पणजीकराला स्वतःची होडी सोडायची तर कुठून सोडायची याचे उत्तर शोधत फिरावे लागते.

आमच्या स्नेह्यांनी ते शोधले होते. उत्तर गोव्यातच आहे आणि गोव्याइतके ते फार कमी ठिकाणी असेल. फेरीचा धक्का! आपली फेरीबोट सिमेंटच्या उतारावरच तोंड टेकते ना? ट्रेलरला नेमका तसाच उतार लागतो. आणि पूल झाल्यावर जिथल्या फेऱ्या बंद पडल्या (कुठ्ठाळी-आगशी आठवा, शिवोली-चोपडे आठवा) तिथले असे उतार रिकामे होतात. ज्या राज्याने नदी ओलांडायला शतकभर उतार बांधले त्या राज्यात ट्रेलरच्या होडीला जागा नाही असे कोण म्हणेल? पण आहे खरे तसेच. कुठे वाळूचे ढीग, कुठे भंगार, कुठे गाळ आणि शेवाळ, कुठे कोणी तरी साखळी लावून ठेवलेली.

असल्याच एका उतारावर ते गुपचूप होडी सोडायचे. एकदा कोणी तरी हटकले, परवानगी आहे का? हे बँकेतले, कागदावर श्रद्धा असलेले. गेले एका कार्यालयात. कोणते ते सांगत नाही, कारण तिथला कारकून बिचारा भला माणूस होता. त्याने फॉर्म दिला. नौकेचा उपयोग कशासाठी, असा एक रकाना. पर्याय चार: प्रवासी, माल, मासेमारी, पर्यटन. स्नेही म्हणाले, "यातले काहीच नाही. मी आपला शीड लावून नदीत फिरतो." कारकून म्हणाला, "म्हणजे पर्यटन." हे म्हणाले, "मी इथलाच आहे हो, पर्यटक कसा?" कारकुनाने बराच विचार केला आणि म्हणाला, "मग मासेमारी घाला. एक गरी ठेवा सोबत." त्या दिवसापासून ‘मतलई’च्या पोटात एक गरी असायची. तिला मासा कधी लागला नाही.

हा किस्सा ते हसून सांगत. मी आता हसत नाही. त्या फॉर्ममध्ये आपला सगळा दर्या आहे. पाण्यावर जायचे तर धंद्यासाठी जा, नाही तर पाहुणा म्हणून तिकीट काढून जा. घरचा माणूस म्हणून जायला रकाना नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला, त्यात बिनइंजिनाच्या नौकांसाठी वेगळे प्रकरण आहे, त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी कल्पना आहे. चांगलेच आहे. पण आपल्या ग्रामसभांत फेरीच्या रिकाम्या उताराचा विषय निघाल्याचे मी तरी अजून ऐकलेले नाही.

आता ‘दर्यावर्दी परंपरा’वाल्यांकडे येतो. गोव्यात व्यासपीठावर उभे राहिलेल्या कोणाही माणसाला दहा मिनिटे द्या, तो कदंबांच्या आरमारापर्यंत पोहोचतो. षष्ठदेव समुद्रमार्गे सोमनाथला गेला, गोपकपट्टणात दूरदेशीची जहाजे लागत, सगळे खरे. आणि आजचेही खरे आहे. ‘म्हादेई’ दिवाडी बेटावर बांधली गेली, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असे करणारे पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेवरून कुठेही न थांबता फिरून आले. ‘तारिणी’ही दिवाडीचीच, २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणी तिच्यावरून गोव्याहून निघून गोव्यालाच परतल्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघीच पुन्हा जाऊन आल्या. काथ्याने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ही गोव्यातच तयार झाले आणि २०२५ च्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघाले. हे वाचताना माझीही छाती फुगते. पण मग मला सांगा, जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या नौका ज्या नदीत बांधल्या जातात, त्या नदीच्या काठावर एकवीस फुटी होडीला गिऱ्हाईक मिळते ते बाटल्या मांडणारे! अभिमान आपण नौदलाकडे सोपवला आहे. त्यांनी जगप्रदक्षिणा करावी, आपण शाल-श्रीफळ द्यावे.

"पण हे चोचले परवडणार कोणाला?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. वहिनींनी सांगितलेली किंमत आहे साडेतीन लाख. गावातल्या ज्या पोराकडे नोकरी आहे त्याच्याकडे आज बुलेट आहे, आणि ज्याच्याकडे बुलेट नाही त्याच्या बापाकडे जुनी गाडी आहे. चौघांनी मिळून घेतली तर ही होडी बुलेटपेक्षा स्वस्त पडते, आणि पेट्रोल तिला जवळजवळ लागतच नाही. १९६३ साली ब्रिटनमध्ये ‘डेली मिरर’ या कामगारवर्गात खपणाऱ्या वर्तमानपत्राने मनावर घेतले की शिडाची होडी साहेबाच्या क्लबातून बाहेर काढायची. जॅक होल्ट हा नौका-रचनाकार आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा बॅरी बक्नेल या दोघांनी एक होडी आखली: प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांधे फायबरच्या पट्टीने, राळेने बुजवायचे. (शिवलेली होडी! कौंडिण्यची दूरची मावसबहीणच म्हणा.) सगळे सामान पेटीत घालून ६३ पौंड ११ शिलिंगांना. लोकांनी स्वयंपाकघरात, गॅरेजात बसून त्या बांधल्या. सत्तर हजारांहून अधिक झाल्या. एका वर्तमानपत्राने हे केले. आमची वर्तमानपत्रे सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर होडीचा फोटो छापतात आणि खाली दोन ओळींची चारोळी.

दुसरा आक्षेप मच्छीमारांचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. नावशीला मरिना आणायचे घाटत होते तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, बरोबरच केला. मरिना म्हणजे खाडी अडवून, गाळ उपसून, कुंपण घालून दुसऱ्याच्या याटींसाठी वाहनतळ. नेमके याच्या उलट ट्रेलरची होडी आहे. ती खाडीत जागा अडवत नाही, कारण रात्री ती अंगणात असते. तिला हवा आहे बारा फूट रुंद उतार, गोड्या पाण्याचा एक नळ आणि ट्रेलर लावायला थोडी जागा. त्याच उतारावर रापणकाराने आपली होडी ओढून रंगवावी, आणि त्याचा हक्क पहिला. सरकारला मात्र दोनच गोष्टी दिसतात: एक कोट्यवधींचा मरिना, दुसरी पार्टीची बोट. बारा फुटांच्या उताराचे उद्घाटन करायला फीत पुरत नाही बहुधा.

आणि सरकारला तरी किती बोलायचे? आपण मराठी वाचणारे गोंयकार, आपले काय? माझ्या वडिलांनी मला नदीत पाय घालू दिला नाही. पाणी खारव्यांचे, गाबतांचे, पागी मंडळींचे; आमच्या वाट्याला त्यातले फक्त हुमण. आमच्या कवितांत शिडे ढिगांनी सापडतील, घरात मात्र वल्हेसुद्धा नाही. शिडाला बांधायच्या दोरीला दामण म्हणतात हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळले, तेही तिच्यात पाय अडकून पडल्यावर. ‘परमाण’, ‘नाळ’, ‘तांडेल’ हे शब्द मी ऐतिहासिक कादंबऱ्यांत वाचून अर्थ न समजता पुढे गेलो होतो. भाषा वाचवायच्या सभांना मी नियमाने जातो, पण या शब्दांना जगायला जे लागते ते सभेत नसते.

एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. पहाटे सहाला, डिसेंबरात. जमिनीवरून समुद्राकडे गार वारा वाहत होता, तोच मतलई. ना इंजिन, ना आवाज. बुडाखाली पाणी कुजबुजत होते आणि फेरीवरचे लोक आमच्याकडे वेड्यांकडे बघावे तसे बघत होते. आग्वादच्या बाहेर गेल्यावर साडेनऊ-दहाला वारा पडला. शीड लोंबले. मी घाबरलो, ते मात्र डबा उघडून निवांत बसले. "थांब, आता तो परतीचा रथ पाठवील." आणि अकराच्या पुढे वायव्येकडून वारा उठला, दुपारपर्यंत पाण्यावर पांढरी फुले, त्या वाऱ्याने आम्हांला नदीत आणून सोडले. सकाळी नेणारा वारा, दुपारी आणणारा वारा. याच हिशेबावर आपल्या पातमाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या कोकणकिनारा चालवत होत्या. ते गणित मला पुस्तकात वाचून समजले नव्हते, पार्श्वभाग ओला झाल्यावर समजले.

बाविसावा फोन काणकोणकडून आला. रापणकाराच्या घरचा मुलगा, पंचविशीचा, एका जलक्रीडावाल्याकडे नोकरीला. तो वडिलांना घेऊन आला. जाहिरातीतल्या जीपीएसकडे, शेगडीकडे दोघांनीही पाहिले नाही. मुलाने ट्रेलरखाली झोपून चाके फिरवली, कान लावला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलीत. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुतला नाही का?" मी गप्प. मग कणा वर ओढायची तार बोटांनी चाचपून पाहिली, एका ठिकाणी तिचे धागे तुटलेले होते. डोलकाठीच्या पोलादी तारांची टोके पाहिली, तिथे गंजाची रेघ. शीड अंगणात पसरून शिवण नखाने खेचली. उन्हाने दोरा कुजलेला, फर्रकन निघाला. म्हाताऱ्याने तोवर पायाच्या बोटांनी फळ्या ठोकत सगळी होडी फिरून पाहिली होती. कुठे पोकळ वाजते ते त्याने मला दाखवले. ‘सुसज्ज’ म्हणून मी जिची जाहिरात केली होती तिला धड पाण्यावर ठेवणाऱ्या पाच गोष्टींपैकी चार दुरुस्तीला आल्या होत्या, आणि त्यातली एकही माझ्या यादीत नव्हती. शेगडी होती!

शेवटी म्हाताऱ्याने एकच विचारले, "उदकांत खंयच्यान घालतलो?" मुलाला, मला नव्हे. मुलाकडे उत्तर नव्हते. त्यांच्या गावी वाळूवरून होडी माणसे ढकलतात, पण टनाची होडी ट्रेलरवरून वाळूत नेली की चाके रुततात.

त्यांची ऐपत दोन लाख सत्तरची. उपाहारगृहवाले तीन लाख नव्वद घेऊन बसलेत. एक लाख वीस हजारांचा फरक आहे आणि वहिनींना पैशाची गरज नाही असे मी म्हणू शकत नाही. छपराची कौले काढायची आहेत. मी त्यांना काही सुचवले नाही. त्यांनीच रात्री फोन करून विचारले, "काउंटर केला तर नाव पुसतील का हो?" मी म्हटले, "नाही पुसणार, उलट दिवे लावतील." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या मुलाला सांगा, तार बदलून मगच पाण्यात घाल. पैसे हप्त्याने दिलेस तरी चालेल."

तर होडी विकली गेली आहे, कृपया आता फोन करू नयेत. ट्रेलरची बेअरिंगे मागच्या आठवड्यात बदलली. उताराचे मात्र अजून ठरलेले नाही. बंद पडलेल्या फेरीचा एक उतार त्या मुलाने हेरून ठेवला आहे, तो साफ करून लोकांसाठी खुला करावा, नळ द्यावा, रापणकारांना पहिला हक्क द्यावा असा अर्ज मी लिहिला आहे. उपयोग कशासाठी, या ओळीपुढे मी ‘फिरायला’ असे घातले आहे. सह्या सतरा झाल्यात. त्यातले अकरा जण आयुष्यात कधी होडीत बसलेले नाहीत. येत्या रविवारी सकाळी मी कागद घेऊन पणजी बाजारात कॉफीच्या वेळेला असेन.